देशाचे कर्ज थकते तेव्हा : तोडग्याची पद्धत कशी सुधारता येईल?

मूळ लेख : रोखेवाचक

कंपनीचे दिवाळे निघाले तर त्यासाठी कायदा असतो, न्यायालय असते, आणि अर्ज दाखल झाला की धनकोंच्या वसुलीला काही काळ स्थगिती मिळते. देशाचे कर्ज थकले तर यांपैकी काहीही हाताशी नसते. देशाला टाळे लावता येत नाही, त्याच्या शाळा आणि रस्ते विकून धनकोंचे पैसे भागवता येत नाहीत, आणि ज्याचा निर्णय सर्व धनकोंना बांधील राहील असे न्यायालयही कुठे नाही. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने हप्ते भरायला पैसे उरले नसल्याचे सांगितले, तेव्हापासून प्रत्येक संकटात वाटाघाटींची घडी नव्याने बसवावी लागली आहे. तेव्हा समोर मोठ्या व्यापारी बँका होत्या, थकलेली बँककर्जे रोख्यांत बदलणाऱ्या १९८९ च्या ब्रेडी योजनेनंतर जगभर विखुरलेले रोखेधारक, म्हणजे देशाचे कर्जरोखे विकत घेणारे गुंतवणूकदार आले, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत चीनच्या सरकारी बँका आल्या.

या विषयावरच्या चर्चेत बहुतेक वेळा कर्जात कपात किती व्हावी यावर भर दिला जातो. माझ्या मते त्याहून मोठे नुकसान उशिराने होते. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये ४ कोटी २५ लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. २०२१ च्या सुरुवातीला त्याने जी-२० गटाच्या ‘कॉमन फ्रेमवर्क’, म्हणजे गरीब देशांच्या कर्जपुनर्रचनेसाठीच्या चौकटीखाली अर्ज केला. सरकारी धनकोंशी तत्त्वतः समझोता जून २०२३ मध्ये झाला, आणि रोख्यांची अदलाबदल पूर्ण व्हायला जून २०२४ उजाडला. म्हणजे हप्ता चुकल्यापासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात नवी गुंतवणूक अडून राहते, चलन घसरते, आयात महागते, सरकारला बाहेरून कर्ज मिळत नाही, आणि शेवटी जी कपात पदरात पडते तिचा बराचसा लाभ तोवर खर्ची पडलेला असतो. हा भार ज्या नागरिकांवर पडतो त्यांना वाटाघाटींच्या टेबलावर जागा नसते, म्हणून उशिराची किंमत कोणत्याही समझोत्याच्या आकड्यांत दिसत नाही.

यावर सर्वांत सरळ उपाय म्हणजे देशांसाठी दिवाळखोरीची आंतरराष्ट्रीय यंत्रणा उभारणे, आणि तो प्रयत्न होऊन गेला आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तेव्हाच्या उपव्यवस्थापकीय संचालक ॲन क्रूगर यांनी तसा प्रस्ताव मांडला होता. त्यासाठी नाणेनिधीची घटना बदलावी लागली असती, आणि घटनादुरुस्तीला ८५ टक्के मते लागतात. एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून अधिक मते असल्यामुळे तिच्या नकारानंतर मार्गच उरला नाही. मेक्सिको आणि ब्राझीलसारखे कर्जदार देशही भविष्यात कर्ज महाग होईल या भीतीने मागे हटले, आणि एप्रिल २००३ मध्ये प्रस्ताव बासनात गेला. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कर्जपुनर्रचनेची नऊ तत्त्वे १३६ विरुद्ध ६ मतांनी स्वीकारली. विरोधी सहा मतांत अमेरिका, ब्रिटन, जर्मनी आणि जपान होते. ज्या देशांच्या न्यायालयांत हे खटले चालतात तेच विरोधात असतील, तर एवढ्या मोठ्या बहुमताचा प्रत्यक्षात फारसा उपयोग होत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जागतिक न्यायालयाची वाट पाहत बसू नये. विकसनशील देशांचे परदेशी बाजारात विकलेले रोखे जवळजवळ सगळे दोनच ठिकाणच्या कायद्याखाली असतात, न्यूयॉर्क राज्याच्या किंवा इंग्लंडच्या. सर्व जगाची संमती मिळवण्यापेक्षा या दोन ठिकाणचे कायदे नेमक्या जागी बदलून घेणे कितीतरी सोपे आहे, आणि त्याला बेल्जियमचा चांगला दाखला आहे. थकलेली कर्जे स्वस्तात घेऊन वसूल करणाऱ्या एलियट या फंडाने १९९६ मध्ये पेरूचे थकलेले कर्ज सुमारे १ कोटी १४ लाख डॉलरला विकत घेतले. इतर धनकोंनी मान्य केलेला समझोता त्याने नाकारला आणि तो न्यायालयात गेला. पेरू इतर रोखेधारकांना जे व्याज देणार होता ते रोख्यांचे व्यवहार पुरे करणाऱ्या ब्रुसेल्समधील युरोक्लिअर या संस्थेमार्फत जाणार होते; २००० मध्ये तेथील न्यायालयाकडून एलियटने ही वाटच रोखून धरली. सगळेच रोखे थकण्याची वेळ आल्यावर पेरूने त्याला सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. २००४ मध्ये बेल्जियमने कायदा करून ती वाट बंद केली. २०१५ मध्ये आणखी एक कायदा आला, ज्यानुसार गैरवाजवी लाभासाठी स्वस्तात कर्ज विकत घेणाऱ्या फंडाला त्याने मोजलेल्या किमतीहून अधिक वसुली करता येत नाही. फंडांनी त्यालाही आव्हान दिले, परंतु २०१८ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने तो वैध ठरवला. यासाठी कोणताही आंतरराष्ट्रीय करार लागला नाही.

जाणकारांनी यावर आपले मत जरूर मांडावे.

प्रतिसाद : सावध

लेख मुद्देसूद आहे, पण मला त्यात एक बाजू कमी वाटते. रोख्यांच्या करारांत सामूहिक कृती कलमे आल्यापासून अडून बसणाऱ्यांचा प्रश्न बराच सुटला आहे. २०१४ मध्ये या कलमांचा जो सुधारित नमुना आला, त्यात देशाने वेळोवेळी काढलेल्या रोख्यांच्या सर्व मालिकांची मते एकत्र मोजून ७५ टक्के धनकोंनी होकार दिला की उरलेल्यांवर तो बंधनकारक होतो. २०२० मध्ये अर्जेंटिना आणि इक्वेडोर यांच्या पुनर्रचना काही महिन्यांत आटोपल्या, त्या अशाच कलमांच्या जोरावर. मग कायद्यात ढवळाढवळ कशाला? कर्ज देणाऱ्याला न्यायालयाचा आधार कमी झाला असे वाटले, तर तो जास्त व्याज मागेल किंवा कर्ज देणारच नाही, आणि मग नुकसान ज्या गरीब देशांसाठी आपण हे करू पाहतो त्यांचेच होईल. शिवाय कर्ज चुकवणे सोपे झाले तर सरकारे बेफिकीर होतील, हा आक्षेप जुना असला तरी खोटा नाही.

प्रतिसाद : रोखेवाचक

सावध, तुमचा व्याजदराचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून आधी तोच घेतो. ब्रिटनने २०१० मध्ये अतिऋणग्रस्त गरीब देशांच्या जुन्या कर्जांपुरता कायदा केला, ज्यानुसार आंतरराष्ट्रीय सवलत योजनेत जेवढी रक्कम देय ठरते तेवढीच न्यायालयातून मिळू शकते. त्यामागे झांबियाचे प्रकरण होते. रुमानियाने झांबियाला दिलेले जुने कर्ज डोनेगल नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये सुमारे ३३ लाख डॉलरला घेतले, नंतर साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला, आणि २००७ मध्ये लंडनच्या न्यायालयाने सुमारे दीड कोटी डॉलर देय ठरवले. ब्रिटनचा कायदा आधी एका वर्षासाठी होता. त्याने बाजार कोलमडला असता तर तो मुदत संपताच विरून गेला असता. २०११ मध्ये तो कायम करण्यात आला.

सामूहिक कृती कलमांचे महत्त्व मला मान्य आहे, पण ती रोख्यांपुरतीच असतात. बँकांची कर्जे, पुरवठादारांची देणी आणि तेलाच्या बदल्यात घेतलेली उचल यांना ती लागू होत नाहीत, आणि जुने रोखे अजूनही जुन्या कलमांवर चालतात. त्यांत प्रत्येक मालिकेची मते वेगळी मोजली जात असल्याने मोठा फंड एखाद्या छोट्या मालिकेत २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेऊन ती मालिका अडवू शकतो. २०१२ मध्ये ग्रीसने आपल्या देशांतर्गत कायद्याखालील रोख्यांवर मागाहून कायदा करून बहुमताचा निर्णय लादला, पण परदेशी कायद्याखालील रोख्यांत जे अडून बसले त्यांना पूर्ण पैसे मिळाले. ज्यांनी समजूतदारपणा दाखवला त्यांनी निम्म्याहून अधिक मुद्दल सोडले. अशा उदाहरणामुळे पुढच्या वेळी अडून बसण्याचेच प्रोत्साहन मिळते.

अर्जेंटिनाचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, तरी त्यातला एक तपशील सांगतो. २००५ आणि २०१० च्या अदलाबदलीत सुमारे ९३ टक्के धनकोंनी थकलेल्या रोख्यांच्या बदल्यात नवे रोखे घेतले होते. न्यूयॉर्कमधील न्यायाधीश थॉमस ग्रीसा यांनी असा आदेश दिला की अडून बसलेल्यांना पूर्ण रक्कम दिल्याशिवाय या ९३ टक्क्यांना त्यांचे व्याज देता येणार नाही. जून २०१४ च्या अखेरीस अर्जेंटिनाने ५३ कोटी ९० लाख डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेच्या खात्यात भरले होते. ते पैसे तेथेच पडून राहिले आणि त्याच व्याजापोटी देश थकबाकीदार ठरला. २०१६ मध्ये मुख्य चार फंडांना सुमारे ४६५ कोटी डॉलर देऊन हे मिटले. इतकी रक्कम होण्यामागे न्यूयॉर्कच्या एका तरतुदीचा हातभार होता: करारभंगाच्या दाव्यात निकाल लागेपर्यंत वर्षाला ९ टक्के व्याज चढत राहते. बाजारातील दर शून्याजवळ असतानाही हा दर बदलला नाही. खटला लांबवण्यात इतका लाभ असेल तर समझोत्याची घाई कोण करील? तो दर बाजारभावाशी बांधणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे, आणि तिच्यामुळे कोणाचाही न्याय्य हक्क बुडत नाही.

प्रतिसाद : हिशेबनीस

रोख्यांवर एवढा भर दिल्यामुळे चित्र एकांगी होते, असे मला वाटते. झांबियाला झालेल्या उशिरात अडेल फंडांचा हात नव्हता. तेथे सरकारी धनको आणि रोखेधारक यांच्यात समान वागणुकीवरून वाद झाला, आणि त्यातील आकडेमोड समजून घेतल्याशिवाय सुधारणा सुचवता येणार नाही.

नियम असा आहे की सरकारी धनकोंनी जेवढी सवलत दिली त्याच तोडीची सवलत खासगी धनकोंनीही द्यावी. पण तोडीची म्हणजे किती, हे कोणत्या फुटपट्टीने मोजता यावर अवलंबून असते. समजा दहा वर्षांनी १०० डॉलर मिळायचे आहेत. पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल ज्या दराने काढतात तो सूट-दर वर्षाला ५ टक्के धरला तर आजचे त्यांचे मोल सुमारे ६१ डॉलर होते, आणि १० टक्के धरला तर सुमारे ३९. मुदत खूप लांबवली पण मुद्दल कापले नाही, तर पहिल्या दराने ती सवलत किरकोळ दिसते आणि दुसऱ्या दराने भरघोस. झांबियात सरकारी धनकोंनी मुदत खूप वाढवली आणि व्याज नाममात्र केले, मुद्दल मात्र कापले नाही. रोखेधारकांनी मुद्दलात कपात मान्य केली, पण पैसे लवकर परत हवेत असे म्हटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकार आणि रोखेधारक यांचा समझोता झाला होता, तो नोव्हेंबरमध्ये चीन आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखालील सरकारी धनकोंच्या समितीने अपुरा ठरवला, आणि मार्च २०२४ पर्यंत सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. पॅरिस क्लब हा सरकारी धनकोंचा गट तीन गोष्टी पाहतो: नाणेनिधीच्या कर्जकार्यक्रमाच्या काळातील हप्त्यांत झालेली घट, आजच्या मोलातील घट आणि मुदतीतील वाढ. मात्र या तिघींना किती वजन द्यायचे हे आधी लिहून ठेवलेले नसते. ते सूत्र वाटाघाटी सुरू होण्यापूर्वी जाहीर झाले असते तर झांबियाचे ते महिने वाचले असते.

दुसरा प्रश्न कोण सरकारी आणि कोण व्यापारी हा आहे. श्रीलंकेत चीनची एक्झिम बँक सरकारी धनको मानली गेली आणि चायना डेव्हलपमेंट बँक व्यापारी, जरी दोन्हींची मालकी चीनच्या सरकारकडेच आहे. भारत, जपान आणि फ्रान्स यांनी सहअध्यक्ष म्हणून एक समिती केली, चीनने स्वतंत्र वाटाघाटी केल्या, आणि एका गटाने काय दिले हे दुसऱ्याला कळेपर्यंत वेळ गेला. न्यूयॉर्कचा कायदा कितीही सुधारला तरी तो या खोलीत पोहोचत नाही.

प्रतिसाद : उत्तरायण

हिशेबनीस यांच्याशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालते. या चर्चेत धनको म्हटले की डोळ्यांसमोर परदेशी फंड येतो, पण अलीकडच्या संकटांत देशांतर्गत कर्जाचा वाटा फार मोठा आहे. घानाने डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी देणी थांबवली आणि त्याच सुमारास देशातल्या रोख्यांचीही अदलाबदल जाहीर केली. ज्यांनी आयुष्याची बचत सरकारी रोख्यांत ठेवली होती असे निवृत्त लोक २०२३ च्या फेब्रुवारीत अक्राच्या अर्थमंत्रालयासमोर निदर्शने करत उभे होते, आणि त्यांच्यात देशाच्या माजी सरन्यायाधीश सोफिया अकुफो होत्या. शेवटी निवृत्तांना सक्तीतून वगळावे लागले. देशातल्या बँकांच्या ताळेबंदाला मात्र मोठा फटका बसला. परदेशी रोखेधारकांचा समझोता ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे देशातल्या लोकांनी सुमारे दीड वर्ष आधी आपला वाटा उचलला होता. कोणत्या क्रमाने कोणाला बोलवायचे याचा काहीही नियम नसेल तर जो जवळ आहे आणि दुर्बळ आहे त्याच्याकडूनच आधी वसूल केले जाते. सुधारणांच्या यादीत हा मुद्दा असला पाहिजे.

प्रतिसाद : दीर्घमुदत

कर्जदार सरकारांच्या वागणुकीवर इथे कोणीच बोललेले नाही. मोझांबिकमध्ये २०१३-१४ मध्ये सरकारी कंपन्यांनी टुना मासेमारीची जहाजे आणि किनारपट्टीची सुरक्षा यांच्या नावाखाली सुमारे २०० कोटी डॉलरची कर्जे सरकारी हमीवर उचलली. त्यांतील मोठा हिस्सा संसदेपासून आणि नाणेनिधीपासूनही लपवला गेला. २०१६ मध्ये ते उघड झाल्यावर नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी मदत थांबवली, आणि ज्यांनी त्या कर्जाचा एक पैसाही पाहिला नाही त्यांच्या दवाखान्यांचा निधी आटला. धनकोंवर बंधने घालताना कर्ज घेणाऱ्यांनाही पारदर्शकतेची अट हवी. संसदेच्या संमतीविना दिलेली हमी परदेशी न्यायालयात वसूल होणार नाही, असे ठरवता येईल का?

प्रतिसाद : रोखेवाचक

दीर्घमुदत, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मूळ मुद्द्याला पुढे नेणारे आहे, कारण तशी अटही इंग्लंड आणि न्यूयॉर्कच्या कायद्यातच घालावी लागेल. कर्जाचा करार ठरावीक मुदतीत सार्वजनिक नोंदवहीत दाखल झाला नसेल तर त्याच्या आधारे न्यायालयात दावा लावता येणार नाही, एवढीच तरतूद केली तरी धनकोचा वकील स्वतःच कर्जदाराला नोंदणीचा आग्रह करील. लपवलेल्या कर्जाची शिक्षा आज फक्त नागरिकांना होते. या तरतुदीमुळे तिचा काही भाग लपवायला मदत करणाऱ्या धनकोवर पडेल. चीनच्या बँकांच्या अनेक करारांत गोपनीयतेची कलमे असतात हे खरे आहे, आणि जे करार या दोन कायद्यांखाली नाहीत त्यांना ही अट लागू होणार नाही. तेथे नाणेनिधीच्या नियमांवरच भिस्त ठेवावी लागेल.

हिशेबनीस यांनी दाखवलेली अडचण मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यावर उपाय नाणेनिधीच्या हाती काही प्रमाणात आहे. खासगी धनकोंची थकबाकी असतानाही कर्ज देण्याचे धोरण नाणेनिधीने १९८९ पासून ठेवले आहे. सरकारी धनकोंच्या बाबतीत तशी मुभा डिसेंबर २०१५ मध्ये आली. त्यापूर्वी एखादे सरकार नुसते गप्प बसले तरी कार्यक्रम अडत असे. म्हणजे सहकार्य न करणाऱ्या धनकोला वगळून पुढे जाण्याचा अधिकार कागदावर आहे, पण तो वापरायला नाणेनिधी कचरतो, कारण समोरचा धनको नाणेनिधीचा मोठा भागधारकही असतो. अर्ज आल्यापासून ठरावीक महिन्यांत सरकारी धनकोंच्या समितीने सवलत देण्याची हमी दिली नाही तर हा अधिकार आपोआप लागू होईल, असे वेळापत्रक असते तर श्रीलंकेला एप्रिल २०२२ मध्ये देणी थांबवल्यानंतर मार्च २०२३ पर्यंत नाणेनिधीच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्याची वाट पाहावी लागली नसती. भारताने जानेवारी २०२३ मध्ये सर्वांत आधी हमी दिली तेव्हा इतरांवर दबाव आला. एका धनकोच्या पुढाकाराने जे झाले ते नियमाने व्हायला हवे.

समान वागणुकीचे सूत्र आधी जाहीर व्हावे, ही सूचनाही मी मनापासून उचलून धरतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नाणेनिधी, जागतिक बँक आणि जी-२० चे अध्यक्षपद यांनी मिळून कर्जविषयक गोलमेज सुरू केली. तिच्यात चीनही बसतो आणि खासगी धनकोही, त्यामुळे सूट-दराचा वाद मिटवण्याची तीच जागा आहे.

प्रतिसाद : सावध

वेळापत्रक आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी मला पटतात. पण वाटाघाटी चालू असताना खटले आणि जप्ती थांबवायची असेल तर कोणत्या अधिकाराने? अर्जेंटिनाची ‘लिबर्ताद’ ही नौदलाची प्रशिक्षण-नौका २०१२ मध्ये घानातील तेमा बंदरात एका फंडाच्या अर्जावरून अडवली गेली होती. ती सोडवायला आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाला आदेश द्यावा लागला, तोही युद्धनौकेच्या संरक्षणाच्या आधारे. कर्जाच्या कायद्यात तिच्या सुटकेची काहीच सोय नव्हती.

प्रतिसाद : रोखेवाचक

अशा स्थगितीचा एक दाखला आहे आणि तो फार बोलका आहे. मे २००३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १४८३ संमत करून इराकच्या तेलाला आणि तेलाच्या उत्पन्नाला धनकोंच्या जप्तीपासून संरक्षण दिले. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यांत उतरवला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबने इराकचे ८० टक्के कर्ज माफ केले. त्या वेळी राजकीय इच्छा होती म्हणून हे दीड वर्षात जमले. गरीब देशासाठी सुरक्षा परिषद बसेल अशी आशा मी करत नाही, पण त्या ठरावाचा गाभा न्यूयॉर्क आणि इंग्लंडच्या कायद्यांत आणता येईल: नाणेनिधीने कार्यक्रम मंजूर केला आणि कर्जदार सर्व धनकोंशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करत असेल, तर ठरावीक मुदतीपुरती खटल्यांना स्थगिती. मुदत ठरलेली असल्याने धनकोचा हक्क संपत नाही, आणि तिचा फायदा घेऊन वेळ काढणाऱ्या सरकारचे संरक्षण काढून घेता येते.

न्यूयॉर्कच्या विधिमंडळात गेली काही वर्षे याच धर्तीची विधेयके मांडली जात आहेत. एकात दोन तृतीयांश धनकोंच्या होकाराने सर्व प्रकारच्या दाव्यांवर समझोता बंधनकारक करण्याची तरतूद होती, आणि दुसऱ्यात सरकारी धनकोंनी मान्य केलेल्या पातळीपर्यंत खासगी वसुली सीमित करण्याची. दुसरे विधेयक हिशेबनीस यांच्या मुद्द्याला थेट भिडते, कारण दोन्ही गटांची फुटपट्टी त्यात एकच होते. वित्तउद्योगाच्या विरोधामुळे २०२४ पर्यंत यांपैकी काहीच संमत झाले नाही. तरीही एका राज्याच्या विधिमंडळात बहुमत मिळवणे हे नाणेनिधीत ८५ टक्के मते मिळवण्यापेक्षा आटोक्यातले काम आहे, आणि कर्जदार देशांनी, विशेषतः आता स्वतः धनकोही झालेल्या भारतासारख्या देशांनी, आपले वजन तेथे उघडपणे वापरायला हवे.

उत्तरायण यांच्या मुद्द्याला मात्र या दोन्ही कायद्यांत उत्तर नाही. देशातल्या बचतदारांचा क्रम कुठे लागावा हे त्या देशाच्या संसदेनेच ठरवायचे आहे, आणि ते संकट येण्यापूर्वी ठरवायला हवे. निवृत्तांची बचत किती मर्यादेपर्यंत सुरक्षित राहील हे आधीच कायद्यात लिहिलेले असेल, तर परदेशी धनकोंनाही आपल्या पुढे कोण उभे आहे हे कर्ज देतानाच कळेल.